उपग्रहाच्या उष्णता-नकाशात मोकळी शेते शहरापेक्षा तापलेली दिसतात : विद्यार्थ्यांना हे कसे समजावून सांगावे?

प्रश्न : खानापूरच्या_बाई

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि गरज पडेल तेव्हा भूगोलाचे तासही घेते. या वर्षी आठवी-नववीच्या अकरा मुलामुलींना घेऊन आम्ही परिसरातील उष्णतेचा प्रकल्प हाती घेतला. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट दिलेला, पिस्तुलाच्या आकाराचा अवरक्त तापमापक आमच्याकडे आहे. बेळगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने एप्रिल महिन्यातील लँडसॅट उपग्रहाची भूपृष्ठ-तापमानाची प्रतिमा उतरवून घेतली आणि क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणक-प्रणालीत तिचा रंगीत नकाशा करून दिला. जांबोटीच्या जंगलापासून बेळगाव शहर ओलांडून सांबऱ्यापर्यंतचा पट्टा त्यात येतो.

नकाशा हाती आल्यावर मुलांनी सर्वांत आधी शहर शोधले, कारण शहर लालभडक दिसणार अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात जंगल ३०-३१ अंश सेल्सिअस, रक्कसकोपचा जलाशय २७ अंश, बेळगाव शहराचा बहुतेक भाग ३८ ते ४० अंश आणि येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारांतील मोकळी शेते मात्र ४४-४५ अंश दिसली. आम्ही जे दिसले तेच मांडले. एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी नकाशाकडे पाहताच ‘रंग उलटे लावले आहेत, शहरच जास्त तापते’ असे सांगितले आणि ते पुढच्या मांडणीकडे गेले. मुलांना उत्तर देता आले नाही, आणि त्या क्षणी मलाही देता आले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

दुसरी अडचण आमच्या स्वतःच्या मोजणीतली आहे. शाळेच्या जुन्या इमारतीवर पत्रे आहेत, शेजारच्या खोल्यांवर मंगलोरी कौले आहेत आणि पुढचे अंगण जांभ्या दगडाचे आहे. दुपारी साडेबारा वाजता कौलांचे तापमान ५४ अंश आले, अंगणाचे ५१ आले, पण पत्र्याचे केवळ ३७ आले. त्याच पत्र्याच्या खाली उतरलेल्या कडेला एका मुलाने हात लावला आणि चटका बसून लगेच मागे घेतला. बॅटरी बदलून पाहिली, तरी आकडा तोच. यंत्र बिघडले आहे असे मानावे, तर कौलांचा आणि अंगणाचा आकडा बरोबर वाटतो. उपग्रहाच्या नकाशातही उद्यमबागेतील काही चौकोन आजूबाजूच्या वस्तीपेक्षा थंड दिसतात, आणि तिथेही मोठ्या शेडचे पत्रेच आहेत.

शेवटचा प्रश्न शब्दांचा. ‘अवरक्त’ हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा एका मुलीने विचारले, ‘बाई, यात रक्ताचा काय संबंध?’ दहावीनंतर ही मुले इंग्रजी माध्यमात जातील, तोपर्यंत त्यांना संकल्पना मराठीत पक्की कळावी अशी माझी इच्छा आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर १ : निपाणीचा_नकाशाकार

बाई, नमस्कार. मी मूळचा निपाणीचा असून दूरसंवेदनाच्या, म्हणजे उपग्रहांवरून जमिनीची मोजणी करण्याच्या, क्षेत्रात काम करतो. तुमच्या मुलांचा नकाशा उलटा नाही. एप्रिलमधील सकाळी आपल्या भागात भूपृष्ठाचे तापमान असेच दिसते, आणि भारतातील निमशुष्क प्रदेशांत वसलेल्या अनेक शहरांभोवती उन्हाळ्याच्या दिवसा हेच चित्र आढळते.

या प्रतिमेत हवेचे तापमान नसते, हे आधी मुलांच्या मनावर ठसवावे लागेल. वर्तमानपत्रात छापून येणारे तापमान हे झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, सावलीत मोजलेले हवेचे तापमान असते. उपग्रहाला दिसतो तो जमिनीचा, पानांचा, छपरांचा अगदी वरचा थर. पाण्याच्या बाबतीत तर हा थर मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. हवा ३४ अंश असताना नांगरलेली कोरडी माती ५० अंशांपर्यंत तापू शकते, आणि दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असतात. परीक्षकांच्या मनात बहुधा रात्रीच्या हवेचे तापमान होते, तर मुलांच्या हातात सकाळच्या मातीचे.

वेळेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. लँडसॅट ८ (प्रक्षेपण ११ फेब्रुवारी २०१३) आणि लँडसॅट ९ (२७ सप्टेंबर २०२१) हे दोन्ही उपग्रह आपल्यावरून सकाळी, आपल्या घड्याळाप्रमाणे पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान जातात. तोपर्यंत उन्हाला चार-साडेचार तास झालेले असतात. कोरडी, भुसभुशीत माती उष्णता खाली जाऊ देत नाही, त्यामुळे सगळी ऊब वरच्या बोटभर थरातच साठते आणि तो थर झपाट्याने तापतो. काँक्रीट, डांबर आणि दगडी भिंती ती उष्णता आत ओढून घेतात, म्हणून सकाळी त्या मागे असतात. सूर्य मावळल्यावर हिशेब फिरतो. माती तासा-दोन तासांत निवते, तर भिंती साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहतात, आणि दाट वस्तीत दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे आकाशाचा तुकडा लहान दिसत असल्याने ती उष्णता निसटायलाही वेळ लागतो. शहर गावापेक्षा उष्ण असते हे विधान प्रामुख्याने या रात्रीबद्दलचे आहे.

याला बाष्पीभवनाची जोड द्या. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २४ लाख ज्यूल उष्णता खर्च होते. तेच एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या ही साडेसात पटींहून अधिक आहे. जांबोटीचे जंगल ३० अंशांवर राहते ते मुख्यतः याच कारणाने, कारण मुळे खोलवरचे पाणी ओढतात आणि पाने ते हवेत सोडतात. बेळगावच्या छावणी भागातील जुनी झाडेही हेच करतात. तुमच्या नकाशात छावणी आणि शहापूरची दाट वस्ती वेगवेगळी कापून पाहिलीत, तर शहराच्या पोटातच दोन-तीन अंशांचा फरक दिसण्याची शक्यता आहे. भात आणि त्यामागून आलेली मसूर निघून गेल्यावर मात्र एप्रिलच्या शिवारात बाष्पीभवनाला पाणीच उरत नाही.

आता प्रतिमेच्या मर्यादा. लँडसॅटचा औष्णिक संवेदक जमिनीचा १०० मीटर बाजूचा चौकोन एका आकड्यात मोजतो, म्हणजे एक हेक्टर, आपल्या भाषेत जवळजवळ अडीच एकर. तुम्हाला मिळालेल्या फाइलमधले चौकोन ३० मीटरचे असतील, परंतु ते मोजलेले नसून १०० मीटरच्या मोजणीवरून गणिताने बारीक केलेले असतात. त्यामुळे एखाद्या मुलाने शाळेच्या छपरावर बोट ठेवून ‘हे आमच्या शाळेचे तापमान’ म्हटले, तर त्याला प्रेमाने थांबवायला हवे.

फाइलमधील मूळ आकडे पूर्णांक असतात. त्यांना ०.००३४१८०२ ने गुणून १४९ मिळवले की तापमान केल्व्हिनमध्ये येते, त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सिअस. जलाशयाचा आकडा ४४,२०० च्या आसपास असेल आणि शेताचा ४९,५०० च्या. मुलांना हे दोन गुणाकार वहीत हाताने करायला लावा, कारण तयार रंगांपेक्षा त्यातून अधिक कळते. रंगांबाबत एक सावधगिरी बाळगावी : क्यूजीआयएस स्वतःहून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांमध्ये रंग ताणून बसवते, त्यामुळे हिवाळ्यातल्या २८ अंशांची जागाही लालभडक दिसू शकते. दोन महिन्यांचे नकाशे शेजारी लावायचे असतील, तर दोन्हींची रंगपट्टी हाताने सारखी करावी.

उद्यमबागेच्या पत्र्यांबद्दल थोडक्यात सांगतो : तो आकडा फसवा आहे. उपग्रहापर्यंत पोचते ते प्रारण, म्हणजे पृष्ठभागातून बाहेर पडणारे किरण, तापमान नव्हे. प्रारणावरून तापमान काढताना त्या पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे प्रारण सोडण्याची क्षमता, किती हे गृहीत धरावे लागते. लँडसॅटच्या तयार प्रतिमेत ती माहिती ॲस्टर या संवेदकाच्या २००० ते २००८ या काळातील निरीक्षणांवर आधारलेल्या संचातून घेतली जाते, त्यामुळे नंतर उभ्या राहिलेल्या शेडची नोंद त्यात असणे शक्यच नाही. यामागचे भौतिकशास्त्र कोणी प्राध्यापक मंडळी लिहितील तर बरे होईल.

उत्तर २ : येळ्ळूरचा_शेतकरी

बाईंनी आमच्या शिवाराचे नाव घेतले म्हणून लिहितो. एप्रिलच्या अखेरीस नांगरलेल्या काळ्या रानातून दुपारी अनवाणी जाणे अशक्य असते, हे आमच्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक आहे. तेच ढेकूळ उलटून खालून हात लावला तर गार लागते, आणि वीतभर उकरले तर ओलही सापडते. वरची माती तापून भुगा झाली तरच मेअखेरीची धूळवाफ पेरणी नीट साधते, असे आमचे वडीलधारे सांगत आले आहेत. नांगरट केलेले रान आणि धसकटे तशीच राहिलेले रान यांत उन्हाचा फरक पायांना कळतो. तो तुमच्या यंत्राने मोजता आला, तर मुलांना घेऊन जरूर या. बांधावर आंब्याची सावली आहे आणि विहिरीचे पाणीही आहे.

मला एक विचारायचे आहे. आमचे नातेवाईक चिकोडीकडे ऊस करतात. पाण्याची पाळी चुकली की ऊस करपण्याआधी पाने दुपारी गुंडाळतात, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. उसाला पाण्याची गरज आहे हे उपग्रहाला आधी कळते का?

उत्तर ३ : निपाणीचा_नकाशाकार

दादा, कळते, आणि याच कारणासाठी औष्णिक दूरसंवेदनाला शेतीत मोल आहे. पाणी कमी पडू लागले की पीक पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते, बाष्पीभवन मंदावते आणि पान तापू लागते. पान पिवळे पडण्याच्या कितीतरी आधी हे घडते. १९८१ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथे इड्सो, जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानांचे तापमान आणि हवेचे तापमान यांतील फरकावरून पिकाचा ताण मोजण्याची रीत मांडली, आणि ती आजही वापरात आहे. तुमच्या नातेवाइकांची अडचण वेगळी आहे : दोन्ही लँडसॅट मिळून आठ दिवसांतून एकदा येतात, मध्ये ढग आला तर तो दिवसही वाया जातो, आणि अर्ध्या एकराचा तुकडा एक हेक्टरच्या चौकोनात शेजाऱ्याच्या रानात मिसळून जातो. भारत आणि फ्रान्स यांनी ‘तृष्णा’ नावाची संयुक्त मोहीम आखली आहे, तिचे चौकोन साधारण ६० मीटरचे असतील आणि फेऱ्याही अधिक असतील. पिकांची तहान मोजणाऱ्या उपग्रहाला हे नाव फार चपखल आहे. तोपर्यंत बाईंच्याकडे आहे तसला हातातला तापमापक दुपारी एक-दोनच्या सुमारास पानांवर धरून, नुकत्याच भिजवलेल्या सरीशी तुलना करणे हा छोट्या शेतकऱ्यासाठी अधिक उपयोगाचा मार्ग आहे.

उत्तर ४ : निवृत्त_भौतिकी

बाई, तुमचे यंत्र उत्तम स्थितीत आहे. पत्र्याने त्याला फसवले, आणि कसे फसवले हे मुलांनी शोधून काढले तर तुमचा प्रकल्प सार्थकी लागेल.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण सोडते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्व्हिन असल्याने त्याचे प्रारण अर्ध्या मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या जवळ, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात, सर्वाधिक असते. आपल्या अंगणासारख्या ३०० केल्व्हिनच्या वस्तूचे प्रारण १० मायक्रोमीटरच्या जवळ सर्वाधिक असते. आपल्या सुदैवाने ८ ते १४ मायक्रोमीटरच्या दरम्यान वातावरण बरेचसे पारदर्शक आहे, ओझोन शोषून घेतो तो ९.६ च्या आसपासचा भाग तेवढा वगळावा लागतो. तुमचा तापमापक आणि उपग्रह दोघेही याच खिडकीतून पाहतात.

मात्र सर्व पृष्ठभाग सारख्या उदारपणे प्रारण सोडत नाहीत. आदर्श उत्सर्जकाच्या तुलनेत एखादा पृष्ठभाग किती प्रारण सोडतो, त्या प्रमाणाला उत्सर्जकता म्हणतात. पाणी आणि हिरवी पाने ०.९८ च्या जवळ, माती, कौले आणि दगड साधारण ०.९० ते ०.९६, तर चकचकीत ॲल्युमिनियम ०.०५ च्या आसपास. जस्ताचा नवा पत्रा ०.३ च्या आगेमागे असतो, आणि जुना होत जाईल तसा वाढत जातो. जे पृष्ठभाग स्वतः कमी सोडतात, ते समोरून आलेले अधिक परावर्तित करतात. तुमच्या छपरासमोर आहे ते निरभ्र आकाश, आणि या खिडकीतून पाहिले तर आकाश अतिशय थंड असते. म्हणजे तुमच्या यंत्राने पत्र्याचे थोडे आणि पत्र्यात दिसणाऱ्या थंड आकाशाचे थोडे, असे मिसळून मोजले. साध्या यंत्रांत उत्सर्जकता ०.९५ ठरवून दिलेली असते, त्यामुळे त्याला हा मिसळ कळत नाही. मी तापमानाचा चौथा घात घेऊन स्थूल गणित केले : पत्रा ६० अंश, उत्सर्जकता ०.६, आकाश उणे १३ अंश आणि भोवतालची हवा ३५ अंश धरली, तर यंत्राने ३७ च्या जवळपास दाखवायला हवे. तुमचा आकडा नेमका तोच आहे. पत्रा नवा कोरा असता आणि उत्सर्जकता ०.३ असती, तर तसाच तापलेला असूनही यंत्राने १४ अंश दाखवले असते.

पडताळा असा घ्यावा. पत्र्याच्या खालच्या कडेवर, स्टुलावरून हात पोचेल अशा जागी, कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा आणि काळ्या विद्युतपट्टीचा एक तुकडा लावा, दहा मिनिटे थांबा आणि पट्टीवर नेम धरून मोजा. काळी पट्टी ऊन अधिक शोषते, म्हणून ती किंचित जास्त दाखवेल, तो फरकही टिपून ठेवा. यंत्रावर १२:१ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ बारा फुटांवरून ते एक फूट व्यासाच्या वर्तुळाची सरासरी घेते. लाल ठिपका केवळ नेम दाखवतो. दोन बोटे रुंद पट्टी मोजायची असेल तर वीतभर अंतरावर जावे लागेल. तो ठिपका कोणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका, आणि यंत्र सूर्याकडे कधीही रोखू नका.

वर्गासाठी आणखी एक प्रयोग सुचवतो. जॉन लेस्ली यांनी १८०४ च्या सुमारास चार बाजू चार तऱ्हेच्या असलेला धातूचा घन गरम पाण्याने भरून हेच दाखवले होते. आपल्याकडे त्यासाठी पंधरा किलोचा तेलाचा रिकामा चौकोनी डबा पुरेसा आहे. एका बाजूवर दिव्याची काजळी धरा, दुसरीवर पांढरा ऑइलपेंट द्या, तिसरीवर वहीचा कागद डकवा आणि चौथी घासून लखलखीत ठेवा. गरम पाणी तुम्ही स्वतः ओता. चारही बाजूंच्या मागे पाणी एकच आहे हे मुलांना दिसत असताना आकडे वेगळे येतात, तेव्हा फळ्यावर तासभर सांगून जे कळत नाही ते दोन मिनिटांत कळते. काजळी आणि पांढरा रंग यांचे आकडे जवळजवळ सारखे येतील, तिथे मुले थबकतील. डोळ्यांना काळे-पांढरे दिसणे हा अर्ध्या मायक्रोमीटरजवळचा गुण आहे, दहा मायक्रोमीटरजवळ दोन्ही पृष्ठभाग सारखेच ‘काळे’ आहेत.

शब्दाविषयी. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘रक्त’ म्हणजे तांबडा. सूर्याला अर्घ्य देताना वाहतो त्या रक्तचंदनातला रक्त हाच. तांबड्याच्या खालचा तो अवरक्त. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून निघालेल्या रंगपटात तापमापक ठेवले, आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा अधिक चढला. या शब्दात ती गोष्टच साठवलेली आहे, म्हणून मी तो बदलायला सांगणार नाही. वर्णपटाचे चित्र काढून तांबड्याच्या कडेला बोट ठेवले की मुलीची शंका फिटेल.

उत्तर ५ : खानापूरच्या_बाई

सर्वांचे मनापासून आभार. मध्ये दोन आठवडे गेले, कारण सर्व प्रयोग करून मगच लिहायचे असे मुलांनी ठरवले होते.

पत्र्यावर कागदी पट्टीने ५८ आणि काळ्या पट्टीने ६१ अंश दाखवले, आणि त्याच वेळी पट्टीच्या बाजूच्या उघड्या पत्र्याने ३८. ज्या मुलाला चटका बसला होता, त्यानेच हे आकडे मोठ्याने वाचले. तेलाच्या डब्यात ७५ अंशांचे पाणी होते : काजळीची बाजू ७२, पांढऱ्या रंगाची ७१, कागदाची ६९ आणि लखलखीत बाजू ३६. सर म्हणाले होते तसे मुले पांढऱ्या रंगापाशी थबकली, आणि त्यांनी बाजू बदलून-बदलून तीन वेळा मोजले. त्यानंतर एका मुलीने लखलखीत बाजूसमोर स्वतःचा तळहात धरला. आकडा वाढला, हात काढताच उतरला. परावर्तन म्हणजे काय हे तिने मला न विचारता दाखवून दिले.

सकाळी मोकळ्या आकाशाकडे, सूर्याच्या विरुद्ध दिशेला यंत्र धरले तेव्हा उणे १६ आले, आणि तासाभराने घाटाकडून आलेल्या ढगावर धरले तेव्हा अधिक १. ढगाळ रात्र उबदार आणि निरभ्र रात्र गार का असते, याचे उत्तर मुलांनी इथूनच काढले. बातम्यांत दिसणाऱ्या इन्सॅटच्या चित्रात उंच ढग पांढरे का, हेही मग सोपे झाले : अवरक्त चित्रात थंड ते पांढरे दाखवण्याची रीत आहे, आणि ढगाचा माथा जितका उंच तितका थंड.

येळ्ळूरच्या काकांच्या रानातही जाऊन आलो. सकाळी अकरा वाजता नांगरलेल्या मातीवर ४७, धसकटांच्या रानात ४३, आंब्याच्या सावलीतील मातीवर २९ आणि उलटलेल्या ढेकळाच्या खालच्या अंगाला ३१ अंश आले. काकांनी मुलांना ताक दिले आणि धूळवाफेविषयी अर्धा तास सांगितले, त्याची नोंद एका मुलाने वेगळ्या वहीत केली आहे.

एकच शंका उरली. शहर रात्री अधिक उष्ण असते हे आम्हाला स्वतः दाखवायचे आहे. रात्रीची प्रतिमा मिळू शकेल का, आणि तिची आमच्या मोजणीशी तुलना करणे योग्य ठरेल का?

उत्तर ६ : निपाणीचा_नकाशाकार

बाई, तळहाताचा प्रयोग तुमच्या अहवालात पहिल्या पानावर घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

रात्रीसाठी दोन मार्ग आहेत. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरील मोडिस संवेदकाच्या रात्रीच्या प्रतिमा २००० सालापासूनच्या मिळतात, पण त्यांचा चौकोन एक किलोमीटरचा आहे. बेळगाव शहर त्यात काही डझन चौकोनांत मावते, म्हणून शहर आणि सभोवतालचे शिवार एवढीच ढोबळ तुलना करावी. दुसरा मार्ग इकोस्ट्रेसचा. हा संवेदक २०१८ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आहे, त्याचा चौकोन सुमारे ७० मीटरचा आहे, आणि स्थानकाची कक्षा सूर्याशी जुळवलेली नसल्याने तो कधी सकाळी, कधी दुपारी, कधी मध्यरात्री आपल्यावरून जातो. तुमच्या विद्यार्थिनीला मार्च-एप्रिलमधील निरभ्र रात्रीची एखादी प्रतिमा शोधायला सांगा. जून ते सप्टेंबर या काळात शोधण्यात वेळ घालवू नये, कारण हे प्रारण ढगातून आरपार येत नाही आणि हाती लागते ते ढगाच्या माथ्याचे तापमान.

तुलना योग्य ठरावी म्हणून मोजणीची जागा मोठी आणि एकसारखी निवडा. सुमारे शंभर मीटर लांब-रुंद असे शाळेचे क्रीडांगण, येळ्ळूरचे सलग रान, शहरातील एखादे मोठे डांबरी आवार आणि शक्य झाल्यास तलावाचा काठ. प्रत्येक जागी दहा-दहा पावलांवर वीस आकडे घेऊन सरासरी काढा, आणि पत्र्याची जागा घेऊ नका. रात्री आठला एक फेरी आणि पहाटे सूर्योदयापूर्वी दुसरी. मुलांसोबत पालक असू द्या, आणि शिवारात जाताना विजेरी व बूट हवेतच. पुढच्या लँडसॅटची तारीख मागच्या प्रतिमेच्या तारखेत सोळा दिवस मिळवून काढता येते, तर दुसऱ्या लँडसॅटची फेरी तिच्या बरोबर मध्ये, आठव्या दिवशी असते. त्या दिवशी पावणेअकराला मुले रानात उभी असतील, तर जमिनीवरचा आणि आकाशातला आकडा एकाच घटकेचा मिळेल.

उत्तर ७ : येळ्ळूरचा_शेतकरी

पहाटेच्या फेरीसाठी रान माझेच घ्या. नांगरट पूर्ण आहे, आणि पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी एकदा मोजायचे असेल तर तेही कळवा. ओल्या मातीचा आकडा मलाही पाहायचा आहे.